सुतकातलं अपील

"कोर्टाला सुतक नसतं, अम्मा," असं आमचे वकील राममूर्ती तमिळमध्ये म्हणाले आणि मला त्यांचा असा राग आला, की त्यांनी पुढे केलेली खुर्चीदेखील मी घेतली नाही. तशी ती घेता आलीच नसती. आमच्या घरात सुतक होतं, आणि राममूर्तींची आई आतल्या दारातून माझ्याकडे बघत होती. मी कुठे टेकते का, कशाला हात लावते का, यावर तिचा डोळा. मुलगा कायद्याचा, आई सोवळ्याची, आणि मधे मी उभी.

भानगड काय होती ते आधी सांगते. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घर म्हणजे अर्धं घर. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने वाटणी केली तेव्हा रस्त्याकडचा भाग थोरल्यांना गेला, मागचा आम्हाला आला. कडेने एक बोळ आहे, रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एवढाच. कागदावर तो पुढच्या घराचा होता. पण जाणंयेणं सगळ्यांचं, आणि कागद काढून बघायची वेळ कोणावर आली नव्हती.

मागच्या भागात मी टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट चालवते. आमचे यजमान चिदंबरराव पोस्टात होते. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून हसू नका. जन्मभर लोकांचे अर्ज टाइप करणाऱ्या बाईला कसली लाज? प्रत्येक अर्जात कोणाच्या ना कोणाच्या नवऱ्याचं नाव असतंच. यांच्या पगारावर घर चालत होतं हे खरं, पण त्या घरात माझं म्हणून जे काही होतं, ते ही मशिनं आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्या मुली. गल्लीतल्या, करंदट्टांकुडीच्या, थेट पापनाशमहून बसने येणाऱ्या. माझ्याकडे बोटं बसवून कोणी बँकेत लागली, कोणी कलेक्टर ऑफिसात. एकीने पहिल्या पगाराचं लुगडं आणून माझ्या पायांवर ठेवलं, तेव्हा मी तिला आधी रागावले आणि मग आत जाऊन रडले.

पुढच्या घरात यांचे थोरले चुलतभाऊ श्रीनिवासराव, त्यांची बायको शेषम्मा आणि मुलगा गणेशकुमार. शेषम्मा माझी जाऊ, पण मी त्यांना पहिल्यापासून अक्का म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला धड रस्सम करता येत नव्हतं. सासूबाई देवळात गेल्या की अक्का याच बोळातून धावत यायच्या, भांड्यात काय ते नीट करायच्या आणि सासूबाई परतायच्या आत पसार. वर्षभर सासूबाई माझ्या हाताची चव वाखाणत राहिल्या. त्या चवीचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.

मग ती वर्षं आली, ज्यांत जो तो धंद्याच्याच गोष्टी करायला लागला. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ उगवले. गणेशची तिरुच्चीतल्या कारखान्यातली नोकरी सुटली होती. त्याला बूथ काढायचा होता, सोबत झेरॉक्सचं मशीन ठेवायचं होतं आणि दुकानाला रुंदी कमी पडत होती. रुंदी कुठून आणायची? बोळातून. "चित्ती," तो मला म्हणाला. लहानपणापासून तो मला चित्तीच म्हणतो, तमिळ मुलं काकूला म्हणतात तसं. बाकी घरातलं बोलणं आमचं तंजावरी मराठी. "तुम्हांस मागचं दार अहे कीं."

मागचं दार आहे. ते गटाराच्या गल्लीत उघडतं. तिथे दिवा नाही, डुकरं मात्र आहेत, आणि तिन्हीसांजेला पत्ते कुटणारी टोळकी. कुठली आई आपल्या मुलीला तिथून टायपिंगला पाठवील? बोळ गेला म्हणजे इन्स्टिट्यूट गेली. हे मी गणेशला सांगितलं, श्रीनिवासरावांना सांगितलं, शेवटी यांना पुढे करून कोर्टात सांगितलं. मुन्सिफ साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की मागे दार असताना पुढच्या बोळावर हक्क सांगता येत नाही. त्यांनी ते दार एकदा येऊन बघायला हवं होतं, नाकाला रुमाल लावून.

राममूर्ती म्हणाले, घाबरू नका, वरच्या, सब कोर्टात अपील करू. मुदतीत अपील दाखल झालं की मनाई मागता येते, मग निकाल लागेपर्यंत कोणी विटेला वीट लावू शकत नाही. पण मुदत चुकली, तर गणेशचे हात मोकळे. विटा येऊन पडल्याही होत्या, बोळाच्या तोंडाशीच रचलेल्या. मुलींना त्यांना वळसा घालून यावं लागे. राममूर्तींनी निकालाच्या नकला काढल्या, अपिलाचा मसुदा केला. फक्त यांच्या सह्या व्हायच्या होत्या.

आणि श्रीनिवासराव गेले. सकाळी पेपर वाचता वाचता मान कलली, एवढंच.

यांनी खांदा दिला. आम्ही दायाद, एका कुळाचे, तेव्हा दहा दिवसांचं सुतक जेवढं त्यांना तेवढंच आम्हाला. कोर्टात आम्ही वादी आणि प्रतिवादी, पण सुतकात एकच घर. रोज पहाटे गणेश क्रियेसाठी तिरुवैयारूला कावेरीवर जाई, आणि हे त्याच्यासोबत. खटला उभा राहिल्यापासून एकमेकांकडे न बघणारी ही दोन माणसं एका बसने जात होती, एका घाटावर ओलेत्याने उभी राहत होती. ते बघून मला बरंही वाटे आणि मनात मी दिवसही मोजत राही. कारण अपिलाची मुदत दहाव्याच्या आधीच संपत होती.

मी यांना ते सांगितलं. हे ओलं धोतर वाळत घालत होते.

"खांदा दिला मी त्यास," हे म्हणाले. "त्याच हातानं त्याच्या विरुद्ध सही करूं? दहावं होऊं दे."

"दहावं होईतों मुदत जाते."

"जाऊं दे."

"बोळ जाईल. मशिनं काय छपरावर मांडूं?"

यांनी धोतराची टोकं ओढून दोरीवर सारखी केली. नवरा भांडला तर बाईला काही करता येतं. तो गप्प बसला की साक्षात बृहदीश्वर उतरून आला तरी त्याला हलवू शकत नाही. आणि मला जास्त चीड आली ती याची, की त्यांचं चुकलं असं मला म्हणताच येईना. त्यांच्या जागी मी असते तर माझाही हात अडला असता.

म्हणून मुदतीच्या शेवटच्या सकाळी मी राममूर्तींच्या घरी जाऊन उभी राहिले होते. नंतर करता नाही का येणार, असं विचारत होते. येईल, ते म्हणाले, उशीर माफ करा म्हणून अर्ज करता येतो. पण त्या अर्जाची नोटीस निघणार, सुनावणी होणार, त्यात महिने जाणार. तोवर भिंत उभी राहून तिला चुनाही लागलेला असेल. आणि मग ते कोर्टाच्या सुतकाचं वाक्य बोलले.

मी निघणार, एवढ्यात त्यांनी थांबवलं. "अम्मा, सही होणार असली तरी हा कागद आता चालत नाही. यात प्रतिवादी म्हणून श्रीनिवासराव आहेत. गेलेल्या माणसाविरुद्ध अपील होत नाही. वारसांची नावं घालून पहिलं पान नव्याने करावं लागेल. बायको, मुलगा, मुलगी. माझा टाइपिस्ट लग्नाला गेलाय. मशीन तुमच्याकडे आहे, तुम्हीच करा. दुपारी कोर्टात जाताना मी तुमच्या दारावरून जाईन. सही तयार असली तर घेईन."

नावं मला पाठ होती. बायको शेषम्मा, मुलगा गणेशकुमार, सेलमला दिलेली मुलगी विनुता, जिच्या बारशाला पाळणा मी हलवला होता. कोणाला काही विचारायची गरज नव्हती. घरी येऊन मी मशीनवरचं झाकण काढलं, कागद चढवला आणि बसून राहिले. अक्कांच्या नावापुढे काय टाइप करायचं असतं ते मला ठाऊक होतं. इंग्रजीत एकच शब्द, विधवा. आमच्याकडे दहाव्यापर्यंत बाईचं कुंकू, मंगळसूत्र तसंच ठेवतात. घरच्यांनी अजून उतरवलं नव्हतं, ते मी कागदावर उतरवायचं, तेही तिलाच कोर्टात खेचायला. बोटं हलेनात. मी उठले आणि बोळातून पुढच्या घरात गेले.

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. पुरुष अजून नदीवरून यायचे होते.

"ये, वेणी. बैस," त्या म्हणाल्या. "तुझी मशिनं बंद अहेत. दिवसभर कान तिकडे लागतो आणि कांहीं ऐकूं येत नाहीं."

मी सगळं सांगून टाकलं. मुदत, यांचा हट्ट, वकिलाचं म्हणणं, नवं पान. सांगताना माझी मला लाज वाटत होती. माणूस जाऊन आठवडा झाला नाही, आणि मी त्याच्या बायकोकडे तिच्याच विरुद्धच्या कागदाला परवानगी मागत होते. असला निलाजरेपणा आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणी केला नसेल.

अक्कांनी पदर सावरून घेतला. मग म्हणाल्या, "ते असते तर तुम्ही अपील केलं असतं कीं नाहीं?"

"केलं असतं, अक्का."

"तें त्यांस ठावूक होतं. जेवतां जेवतां म्हणत, चिदंबर वरच्या कोर्टात जाईल, जाऊं दे, अम्ही तेथेंही पाहून घेऊं. भांडण आवडे त्यांस. जिंकणं फार आवडे. पण मरून जिंकणं त्यांस आवडलं नसतं, वेणी." पदराने त्यांनी डोळे पुसले. "माझं नाव पहिलं घाल. घरांत आतां मीच थोरली."

"नावापुढे तो शब्द घालवत नाहीं मज."

"कोणता?"

मी सांगितला. त्यांनी गळ्याशी हात नेला. मंगळसूत्र होतं तिथे.

"कैलासवासी श्रीनिवासरावांची बायको, असं नाहीं कां चालत?"

"वकिलास चालो न चालो, मी तसंच घालतें," मी म्हणाले. "आणि वय, अक्का? वय लागतं."

"वय कोणास ठावूक? साठ घाल." जरा थांबून त्या म्हणाल्या, "नको. अठ्ठावन्न घाल. जज्जापुढे कशास म्हातारी दाखवतेस मज?"

आणि आम्हाला हसू फुटलं. सुतकाच्या घरात दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या जावा तोंडावर पदर दाबून हसत होत्या. हसता हसता अक्का रडायला लागल्या, मग मीही. कोणी बघितलं असतं तर दोघींना वेड लागलं म्हणाला असता.

"जा, टाइप कर," त्या म्हणाल्या. "आवाज येऊं दे. मज बरं वाटेल."

उठले तेव्हा तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. मयताच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. आभार मानायचे तर तेही तिथे कसे मानणार? मी तशीच मुकाट्याने बोळातून परतले आणि मशीनपुढे बसले. रिकाम्या खोलीत त्या एका मशीनचा आवाज केवढा मोठा वाटत होता! एकही अक्षर चुकलं नाही.

पुरुष नदीवरून आले. मी पान झोपाळ्यावर ठेवलं होतं. यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि यांचा चेहरा उतरला.

"अक्काचं नाव टाइप केलंस? तूं?"

"त्यांनीच सांगितलं."

"खोटं."

तीस वर्षं संसार केल्यावर नवरा तोंडावर खोटं म्हणतो, तेव्हा त्याला काय म्हणावं? मी म्हटलं, जा आणि विचारून या. हे कागद हातात घेऊन तसेच, खांद्यावर ओला पंचा टाकून, बोळातून गेले. मी मागोमाग. गणेश ओसरीवर होता. अक्का आतल्या दाराशी आल्या.

"सही कर, चिदंबर," यांनी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या. "मीच सांगितलं तिज."

"अम्मा!" गणेश ताडकन उठला. "तो कागद अपल्याच विरुद्ध अहे. आज मुदत संपते, ठावूक अहे कां तुज?"

"ठावूक अहे. तूं लढ. हवा तो वकील दे, तुज कोण अडवतो? पण बापाच्या तिरडीआडून जिंकूं नको." आवाज मुळीच चढला नव्हता. "तो खांदा देण्यास आला म्हणून त्याची मुदत चुकते. तें जिंकणं मज नको या घरांत."

 गणेश बाहेर गेला आणि बोळाच्या तोंडाशी, त्याच्या त्या विटांवर जाऊन बसला.

तेवढ्यात राममूर्ती आले, दुसऱ्या एका वकिलाला घेऊन, कारण मनाईच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रावरची सही त्याच्यासमोर व्हायला हवी होती. कोर्टाला सुतक नसतं म्हणणारे हे गृहस्थ स्वतः मात्र आत आले नाहीत. शिवलं तर आंघोळ करावी लागेल, आणि घरी आई. ते बोळातच उभे राहिले आणि त्यांनी कागद दुरूनच पुढे केले. मग यांनी तिथेच, बोळाच्या भिंतीला कागद टेकवून, एकेक सही केली.  पंच्यातलं कावेरीचं पाणी एका कागदाच्या कोपऱ्यावर पडलं, ते राममूर्तींनी रुमालाने टिपलं. त्या वेळी आंघोळीचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

माझं पान त्यांनी वाचलं. "कैलासवासी अमक्याची बायको," ते पुटपुटले. माझ्याकडे पाहिलं, पुढच्या घराच्या दाराकडे पाहिलं, आणि कागद पिशवीत घातले. "चालेल, अम्मा," ते म्हणाले. त्यांच्यावरचा माझा सकाळचा राग तिथे संपला.

दुपारी अपील दाखल झालं. पुढे मनाई मिळाली. अक्कांना कोर्टाची नोटीस आली, ती त्यांनी बेलीफाला पाणी देऊन, सही करून घेतली. आणि गणेश लढला. आईने सांगितलं होतं तसाच लढला, चांगला वकील देऊन, एकही तारीख न चुकवता. विटांचं त्याने लहान दुकान बांधलं, बोळ सोडून. बूथ चालला. खटला सुरू होता त्या वर्षांत त्याने माझ्या एकाही मुलीला कधी अडवलं नाही. उलट त्याच्या दुकानाच्या ट्यूबलाइटचा उजेड संध्याकाळी बोळात पडायचा, आणि मुली त्या उजेडात घरी जायच्या. हे मी कोर्टात सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही म्हणून. इथे सांगते.

निकाल आमच्या बाजूने लागला. मागचं दार हे वाट म्हणण्याच्या लायकीचं नाही, बोळ दोन्ही घरांच्या वापरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो उघडा राहील. ती बातमी गणेशनेच आणली, कारण तो कोर्टात होता आणि आम्ही घाबरून घरी बसलो होतो. दारात उभा राहून म्हणाला, "चित्ती, जिंकलांत." आणि यांच्या पाया पडून गेला. हे त्यानंतर संध्याकाळपर्यंत, गणेश गेला त्या बोळाकडे बघत, झोपाळ्यावर बसून होते. 

मी अक्कांकडे गेले. हरलेल्यांच्या घरी पेढे कसे नेणार, म्हणून रिकाम्या हाताने गेले. अक्का उंबऱ्याशीच बसल्या होत्या. कपाळ मोकळं. केस पार पिकले होते. त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "अक्का, तुम्ही नसतां तर आज माझं कांहीं उरलं नसतं. हें फिटणार नाहीं माझ्यानं."

"फेडूं नको," त्या म्हणाल्या. "विनुताची लेक सुट्टींत येते, तीस तुझ्याकडे पाठवतें. बोटं नीट बसव तिची."

आम्ही बसलो. कॉफी झाली. पलीकडून माझ्या मशिनांचा आवाज येत होता, आणि अक्का मधूनच मान डोलवत होत्या. दिवेलागण झाली तेव्हा मी उठले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि मला तो दिवस आठवला. त्या दिवशी जो शब्द गिळून गेले होते, तो मी वळून, तोंड भरून म्हणाले.

"येतें, अक्का."

"ये," अक्का म्हणाल्या. "वाट अहे कीं."